वणव्याच्या हंगामापूर्वी गावच्या पथकाची शारीरिक तयारी कशी करून घ्यावी?

मामातलाव (2 डिसेंबर)

आमचे गाव चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरीच्या बाजूला, तीन दिशांना जंगल आणि चौथ्या दिशेला मामा (माजी मालगुजारी) तलाव असे वसलेले आहे. गेली तीन वर्षे संयुक्त वन व्यवस्थापन समितीच्या वतीने गावातील बारा-चौदा मुले वणवा विझवायला जातात. वन विभाग आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून असा धरतो आणि हंगामी अग्निरक्षकांची नेमणूकही साधारण त्याच सुमारास होते. त्यामुळे धानाची कापणी-मळणी आटोपल्यावर जो मुलगा जानेवारीभर पारावर बसून असतो, तोच फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पाठीवर ब्लोअर (हवेच्या झोताने पाला उडवणारे यंत्र) बांधून टेकडी चढू लागतो.

मागच्या मार्चमध्ये याचा परिणाम आम्ही डोळ्यांनी पाहिला. दुपारी तीनच्या सुमारास सागाच्या पट्ट्यात आग शिरली. आम्ही अकरा जण होतो आणि आगीच्या मानाने ती संख्या पुरेशी होती. परंतु चाळीस मिनिटांत दोन जण खाली बसले, तिसऱ्याला उलटी झाली आणि त्या तिघांची उचलबांगडी करण्यात आणखी तिघे गुंतले. आगीने जाळरेषा (आग अडवण्यासाठी आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा) ओलांडली ती माणसे कमी पडली म्हणून नव्हे, तर माणसांचा दम कमी पडला म्हणून. यंदा हातात अडीच महिने आहेत. मुले तयार आहेत, परंतु त्यांच्याकडून नेमके काय आणि किती करून घ्यावे, याविषयी गावात एकमत नाही. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

भरतीमैदान (2 डिसेंबर)

यात फार विचार करण्यासारखे काही नाही. आमच्या तालुक्याच्या मैदानावर पोलीस भरतीची शंभरेक मुले रोज पहाटे धावतात. 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक एवढ्याचाच सराव असतो, आणि तो केलेला मुलगा कोणत्याही कामाला कमी पडत नाही. आपल्या मुलांनाही तोच सराव द्यावा. पहिल्या दिवशी दोनशे उठाबशा, शंभर जोर आणि मैदानाच्या दहा फेऱ्या घ्याव्यात, म्हणजे कच्ची मुले आपोआप गळतील आणि जी उरतील त्यांच्यावर तुम्हाला विसंबता येईल.

बीटरक्षक (3 डिसेंबर)

मी वनरक्षक आहे आणि माझ्या नियतक्षेत्रात सहा हंगाम काढले आहेत. भरतीमैदान यांच्या अनुभवाचा मान राखून सांगते की, 1600 मीटर धावणे पाच-सहा मिनिटांत संपते आणि वणवा सहा-सात तास चालतो. मी स्वतः भरतीच्या वेळी तीन किलोमीटर धावून आले आहे, परंतु पहिल्या हंगामात ते धावणे माझ्या फारसे उपयोगी पडले नाही.

काम प्रत्यक्षात कसे असते, ते आधी समजून घ्यावे. आग जिथे लागते तिथे गाडी जात नाही, त्यामुळे शेवटचे दोन-तीन किलोमीटर पायी जावे लागते आणि ते बहुधा चढाचे असतात. पुढे ब्लोअरवाला असतो. त्याच्या पाठीवर इंधनासह दहा किलोच्या आसपास ओझे असते, यंत्राचा थरार खांद्यांतून दातांपर्यंत जातो आणि एका हाताने नळी सतत डावी-उजवी फिरवत त्याला चालावे लागते. त्याच्या मागे दंताळे आणि हिरव्या डहाळ्या घेतलेली माणसे उरलेला पाला ओढतात आणि ज्वाळा झोडपतात. ही माणसे कमरेतून वाकलेली असतात, आणि तीन तासांनी कंबरच आधी बोलू लागते. सर्वांत मागे पाणी आणि इंधनाचे कॅन उचलणारे असतात. त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, परंतु एका हातात दहा लिटरचा कॅन घेऊन दगडांतून चालणे हे सर्वांत वाईट काम आहे, कारण शरीर एकाच बाजूला ओढले जाते आणि पायाखाली सागाची पाने पसरलेली असल्यामुळे दगड दिसत नाही.

या साऱ्या कामात वेग कुठेच नाही. ओझे आहे, चढ आहे, धूर आहे, उष्णता आहे आणि तेच तेच काम तासन्‌तास करणे आहे, म्हणून सरावही त्याचाच हवा. वेग एकाच वेळी लागतो, तो म्हणजे वारा फिरला आणि निघावे लागले तर. आणि त्या वेळी दमलेल्या पायांत थोडा जीव शिल्लक असावा लागतो.

मोर्शीकर (4 डिसेंबर)

बीटरक्षक यांनी लिहिले त्याला दुजोरा देणारी एक गोष्ट सांगतो. मी अमेरिकेत मोंटाना राज्यातील मिसुला या गावी दोन वर्षे शिकत होतो. वणवा विझवणाऱ्या पथकांसाठी तिथे जी पात्रता चाचणी घेतात, ती याच गावातील वन खात्याच्या तंत्रकेंद्रात तयार झाली. तिला ‘पॅक टेस्ट’ म्हणतात. पाठीवर 45 पौंड, म्हणजे साधारण 20 किलो वजन घेऊन सपाट जमिनीवर तीन मैल, म्हणजे 4.8 किलोमीटर अंतर 45 मिनिटांत चालायचे असते, आणि यात धावण्यास सक्त मनाई असते. त्याआधी, 1975 पासून, बाकावर पाय ठेवून चढ-उतार करण्याची आणि नाडी मोजण्याची चाचणी होती. परंतु तिच्यातून ओझे वाहण्याची ताकद कळत नाही असे दिसल्यामुळे 1990 च्या दशकात ही नवी चाचणी आली.

आपल्याकडे भारतीय वन सेवेच्या उमेदवारांना चार तासांत चालण्याची चाचणी द्यावी लागते. पुरुषांसाठी 25 आणि महिलांसाठी 14 किलोमीटर अंतर असते. पुरुषांचा हिशेब केला तर ताशी सव्वासहा किलोमीटर होतात, आणि पॅक टेस्टचा वेगही ताशी साडेसहाच्या आतच आहे. म्हणजे दोन्हीकडे चाल जवळपास सारखीच आहे. फरक एवढाच की आपल्याकडे अंतर लांब आणि पाठ मोकळी, तर तिकडे अंतर थोडे आणि पाठीवर सिमेंटच्या पोत्याचे जवळजवळ अर्धे वजन.

हौसेखातर मी ती चाचणी दिली होती. पहिला मैल सोपा वाटला. दुसऱ्या मैलात पिंडऱ्यांच्या पुढच्या बाजूला, नडगीलगत, अशी आग होऊ लागली की मी धावण्याची परवानगी मागावी असे मनात येऊन गेले, कारण झपाझप चालण्यापेक्षा हळू धावणे सोपे असते. 46 मिनिटे आणि काही सेकंद लागले, म्हणजे मी नापास झालो. त्या वेळी मी आठवड्यातून चार दिवस पाच किलोमीटर धावत होतो, हे मुद्दाम लिहितो.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. ही चाचणी म्हणजे चाळणी आहे, सराव नव्हे. तिथे उमेदवारांना चाचणीच्या चार ते सहा आठवडे आधीपासून तयारी करायला सांगतात: आधी मोकळ्या पाठीने तेच अंतर, मग थोडे ओझे, मग टेकडीवर ओझे, आणि शेवटी पूर्ण वजन. शिवाय 20 किलो हे वजन सर्वांना सारखेच असते. 80 किलोच्या माणसाला तो चौथा हिस्सा आणि आपल्याकडच्या 50 किलोच्या मुलाला दोनपंचमांश. आपल्या पथकाला 20 किलोची काही गरज नाही. जे प्रत्यक्षात उचलावे लागते, म्हणजे दहा-अकरा किलो, तेवढे पुरे आहे.

गोळीऔषध (5 डिसेंबर)

मी आरोग्य सेवक आहे आणि ‘पहिल्या दिवशी दोनशे उठाबशा’ हे वाक्य वाचून लिहायला बसलो आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातील एक मुलगा भरतीच्या सरावासाठी एका मैदानावर जाऊ लागला. त्याने पहिल्याच दिवशी इतरांच्या बरोबरीने तीनशेच्या वर उठाबशा काढल्या. दुसऱ्या दिवशी त्याला शौचास बसता येईना; घरच्यांनी मांड्यांना तेल चोळले आणि दुकानातून दुखणे थांबवणारी गोळी आणून दिली. तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली, तेव्हा आई त्याला माझ्याकडे घेऊन आली. मांड्या लाकडासारख्या कडक आणि सुजलेल्या होत्या. त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. तिथे सहा दिवस सलाईन चालू होते आणि मूत्रपिंडे थोडक्यात वाचली.

न झेपणारा व्यायाम एकदम केला की स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यांतील मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तातून मूत्रपिंडांत जाऊन अडकते. याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. मोर्शीकर यांनी ज्या अमेरिकी पथकांचा उल्लेख केला, त्यांच्यातही हंगामाच्या सुरुवातीच्या सरावात असे रुग्ण सापडले आहेत, आणि ते आळशी नव्हे तर इतरांच्या मागे पडायचे नाही म्हणून दात-ओठ खाणारे जवान असतात. शरीरात पाणी कमी असताना डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन यांसारखी गोळी घेतली, तर मूत्रपिंडांवर दुहेरी मार बसतो. म्हणून सरावाच्या दुखण्यावर या गोळ्या घेऊ नयेत. आणि लघवी गडद झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, उद्याची वाट पाहू नये.

दुसरी गोष्ट खास आपल्या भागाची आहे. पूर्व विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण मोठे आहे. ज्याला आजार आहे, म्हणजे ‘एसएस’ आहे, तो सहसा आपण होऊनच अशा कामाला येत नाही. प्रश्न ‘एएस’ वाहकाचा असतो, कारण त्याला कसलाही त्रास नसतो आणि अनेकदा आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसते. 2016 मध्ये अमेरिकी लष्करातील सुमारे 48 हजार सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांच्या मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळले नाही, परंतु श्रमामुळे ऱ्हॅब्डोमायोलिसिस होण्याचा धोका सुमारे दीडपट आढळला. याचा अर्थ वाहकाला पथकातून काढावे असा मुळीच नाही. त्याला ओझे सावकाश वाढवू द्यावे, मध्ये थांबू द्यावे, पाणी द्यावे आणि ताप किंवा जुलाब असताना सराव करू देऊ नये. ही काळजी खरे तर सर्वांनाच लागू आहे. तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. सर्व मुलांची एकदमच करून घ्यावी, म्हणजे कोणा एकाकडे बोट दाखवले जात नाही.

पथकप्रमुखाने एक खूण लक्षात ठेवावी. उन्हाने पेटका आलेला माणूस ओरडतो आणि त्याचा स्नायू दगडासारखा घट्ट लागतो. सिकलसेलमुळे कोसळणारा माणूस बहुधा गुपचूप खाली बसतो, बोलतो, पाय चालत नाहीत म्हणतो, आणि त्याचा स्नायू हाताला मऊच लागतो. अशा माणसाला ‘नाटक करू नको’ म्हणून उठवणे जिवावर बेतू शकते.

भरतीमैदान (5 डिसेंबर)

उठाबशांविषयीचे माझे म्हणणे मी मागे घेतो. आमच्या मैदानावरही अशी लघवी झालेला एक मुलगा होता. आम्ही त्याला कावीळ समजून झाडपाला द्यायला नेले होते. परंतु धावणे पूर्णपणे सोडून द्यावे, हे अजूनही पटत नाही. दम धावण्यानेच वाढतो.

बीटरक्षक (6 डिसेंबर)

धावणे सोडावे असे मी म्हटलेले नाही. आठवड्यातून दोन दिवस, मोकळ्या पाठीने, बोलता येईल इतक्या संथ गतीने अर्धा तास धावावे. परंतु तो सरावाचा पोटभाग असावा, गाभा नव्हे.

गाभा कसा असावा, हे माझ्या पथकात जसे चालते तसे सांगते. पहिले दोन आठवडे ओझे अजिबात नाही, केवळ झपाझप चालणे, आणि शेवटी पंधरा मिनिटे दंताळ्याने पाला ओढणे. हात बदलून ओढायला शिकवावे लागते, कारण प्रत्येक जण एकाच बाजूने ओढतो आणि तीच बाजू हंगामात निकामी होते. तिसऱ्या आठवड्यापासून पाठीवर पाच किलो, आणि त्यानंतर दर आठवड्याला दीड-दोन किलोची वाढ. ज्या आठवड्यात ओझे वाढवले, त्या आठवड्यात वेग वाढवायचा नाही आणि चढही वाढवायचा नाही. आठवड्यातून चार दिवसांपेक्षा जास्त सराव घेऊ नये. मुले सहा दिवस यायला तयार असतात, कारण उत्साह असतो. त्यांना घरी बसवणे हेही प्रमुखाचे काम आहे.

ओझ्यासाठी वाळू वापरू नये. पिशवीत पाण्याचे कॅन ठेवावेत. टेकडी चढून झाली की वर पाणी ओतून द्यावे आणि रिकाम्या पाठीने उतरावे. ओझ्याने खरे गुडघे झिजतात ते उतरताना. माझा उजवा गुडघा पहिल्या हंगामातच गेला, तेव्हा हे मला कोणी सांगितले नव्हते.

महिला मजुरांविषयी कोणी विचारले नाही, म्हणून आपण होऊनच लिहिते. आमच्याकडे चार जणी आहेत. मोहफुलांच्या दिवसांत त्या पहाटेपासून टोपल्या वाहतात आणि वाकून काम करण्याची त्यांची क्षमता मुलांपेक्षा अधिक आहे. त्यांना सरावात वेगळे बसवू नये.

वाकडीवाट (6 डिसेंबर)

हे सगळे योग्य आहे, परंतु सरावाच्या दिवसांची मजुरी कोण देणार, हे कोणीच लिहीत नाही. नेमणूक फेब्रुवारीत होते आणि मजुरी त्या दिवसापासून. अमेरिकेत म्हणे पगाराच्या वेळेतच रोज व्यायाम असतो.

मोर्शीकर (6 डिसेंबर)

होय, तिथल्या नियमित पथकांत कामाच्या दिवसातील पहिला तास बहुधा व्यायामाचाच असतो, आणि त्याचा पगार मिळतो. वीस जणांच्या ‘हॉटशॉट’ पथकांना तर हंगामापूर्वी 80 तासांचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. आपल्याकडे समितीच्या खात्यात पैसे असतील तर सरावाच्या दिवसाचा निदान नाश्ता त्यातून द्यावा, असा ठराव ग्रामसभेत घेता येईल.

मामातलाव (8 डिसेंबर)

सर्वांचे मनापासून आभार. तीन अडचणी उरतात. पहिली अशी की, आमच्याकडे पहाटे पाच वाजता जंगलरस्त्याने मुलांना पाठवणे शक्य नाही. वाघाचा वावर गावाच्या शिवारापर्यंत आहे. दुसरी म्हणजे डिसेंबरच्या थंडीत केलेला सराव एप्रिलच्या उन्हात कितपत टिकेल? आणि तिसरी, पळून जाण्याचा सराव कसा घ्यावा? 8 एप्रिल 2021 रोजी नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन हंगामी मजूर होरपळून गेले, तेव्हापासून मुलांच्या घरचे लोक हा प्रश्न दरवर्षी विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नसते.

बीटरक्षक (9 डिसेंबर)

पहिल्या अडचणीवर तुमच्या नावातच उत्तर आहे. तलावाच्या पाळीवर, उजाडल्यानंतर, सर्वांनी मिळून चालावे. पाळ मोकळी असते, दूरवर दिसते, आणि तिच्या बाजूचा उतार चढण्या-उतरण्याच्या सरावाला पुरतो. एकट्याने कोणी मागे राहू नये. मार्चनंतर मोहाखाली अस्वलेही असतात, तेव्हा पहाटेचा विचार सोडूनच द्यावा.

उन्हाविषयी: शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि ऊन सुटले की काही आठवड्यांत ती सवय मोडते. म्हणून डिसेंबरात पायांचा आणि पाठीचा सराव करावा. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून मात्र वेळ बदलून दुपारी यावे, सुरुवातीला वीस मिनिटे आणि मग रोज थोडे थोडे वाढवत. सवय झाली की घाम लवकर फुटतो, जास्त येतो आणि त्यात मीठ कमी असते. पाणी दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर प्यावे. तासाला दीड लिटरपेक्षा जास्त पिऊ नये, तेही बाधते. आम्ही अंबाडीचे सरबत नेतो आणि ते मुलांना ओआरएसपेक्षा अधिक आवडते, परंतु घाम फार गेला असेल तेव्हा मी ओआरएसचाच आग्रह धरते. भरतीचे चकाकते नायलॉनचे ट्रॅकपँट सरावापासूनच बंद करावेत. ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतात. सुती पँट, सुती पूर्ण बाह्या, डोक्याला ओला दुपट्टा आणि चामड्याचे बूट. आणि बूट सरावातच पायांत रुळवावेत.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे लांब आहे. आग चढावर वेगाने पळते. ढोबळ नियम असा की, चढ दहा अंशांनी वाढला की तिचा वेग दुप्पट होतो. माणसाचे नेमके उलटे असते. म्हणून चढाच्या दिशेने पळण्याचा सराव मी घेतच नाही. कामाला लागण्यापूर्वी ‘निघायचे झाले तर कुठे?’ हा प्रश्न प्रत्येकाला विचारते, आणि उत्तर बहुधा आधीच जळून गेलेली काळी जागा, नाला किंवा उघडे खडकाळ पठार असे असावे लागते. सरावात दोन तास काम करून दमल्यानंतर, आधी न सांगता, मी शिट्टी वाजवते. शिट्टी ऐकताच ब्लोअरचा पट्टा सोडून यंत्र तिथेच टाकायचे आणि ठरलेल्या जागी पोचायचे. पहिल्या वर्षी एकानेही ब्लोअर टाकला नाही. सगळे तो पाठीवर घेऊनच पळाले. का, असे विचारले तेव्हा एक जण म्हणाला, “मॅडम, सायबाचं मशीन हाय, भरून कोन देईन?” त्या दिवसापासून सरावाच्या आधी, सर्वांसमोर, मी स्पष्ट सांगते की यंत्राचा हिशेब माझ्याकडे आहे.

मोर्शीकर (9 डिसेंबर)

हातातले ओझे न टाकण्याची ही सवय तिकडेही आहे. 1994 मध्ये कोलोरॅडो राज्यातील स्टॉर्म किंग डोंगरावरील वणव्यात 14 जवान मृत्युमुखी पडले, आणि वर पळतानाही काहींच्या पाठीवर पिशव्या व हातांत अवजारे तशीच होती. तिथे ‘साहेबाचे मशीन’ हे कारण नसेल. हातातली वस्तू टाकणे हेही शिकवावेच लागते.

मामातलाव (24 जानेवारी)

सहा आठवड्यांचा वृत्तांत देतो. चौदा जणांनी सुरुवात केली आणि बारा टिकले. एक नागपूरला कामाला गेला आणि एकाचा घोटा पाळीवरच मुरगळला. आरोग्य केंद्रात सर्वांची सिकलसेल तपासणी झाली. दोघे वाहक निघाले; त्यांपैकी एक आमचा सर्वांत चिवट ब्लोअरवाला आहे, आणि तो अजूनही ब्लोअरवालाच आहे.

भरतीच्या मुलांनी पाळीवर चुन्याने खुणा करून ठेवल्या आहेत. या टोकापासून त्या टोकापर्यंत 800 मीटर, म्हणजे जाऊन-येऊन 1600. तीन फेऱ्या केल्या की मोर्शीकर यांच्या तीन मैलांच्या अगदी जवळ जाते. काल दहा लिटरचे कॅन पिशवीत घेऊन तीन फेऱ्या झाल्या. सर्वांत पुढचा 44 मिनिटांत आला आणि सर्वांत मागचा 57 मिनिटांत, परंतु एकही जण बसला नाही. उतरायच्या आधी पाणी ओतण्याचा नियम मुलांना एवढा आवडला आहे की पाळीखालच्या एका शेतकऱ्याने त्या ठिकाणी वांग्याची रोपे लावली आहेत.

शिट्टीचा सराव मात्र एकदाच झाला आणि तो फसला. अकरा जणांनी पिशव्या टाकल्या; बाराव्याने टाकली नाही, कारण तिच्यात त्याचा डबा होता. ग्रामसभेत नाश्त्याचा ठराव मंजूर झाला आहे. भरतीमैदान यांनी येत्या रविवारी आमच्याकडे येऊन संथ धावणे दाखवण्याचे कबूल केले होते, ते येत आहेत ना?

भरतीमैदान (24 जानेवारी)

येतो आहे. तीन फेऱ्या मीही करीन म्हणतो. माझ्यासाठी पाच लिटरचाच कॅन ठेवावा.